घर बांधताय? जे झाकलं जाणार आहे ते आधी बघून घ्या

घर बांधायला काढलं की सल्ले द्यायला सगळे हजर असतात, टाईल्स कुठल्या, रंग कुठला, किचनचा ओटा कसा, हे सगळं भरपूर ऐकायला मिळतं. पण ज्याच्यावर घर उभं राहतं त्याबद्दल कोणी फार बोलत नाही, कारण ते नंतर दिसतच नाही. फुटिंगची (पायातल्या काँक्रीटच्या बैठकीची) सळई मातीखाली जाते, स्लॅबची काँक्रीटमध्ये, पाईप भिंतीत जातात आणि वॉटरप्रूफिंग टाईल्सखाली. मी इंजिनिअर नाही, नोकरी सांभाळून घर बांधलंय, साईटवर उभं राहून आणि लोकांना विचारून विचारून जे समजलं ते क्रमाने लिहितोय. पूर्ण लेखात धोरण एकच आहे: जे झाकलं जाणार ते झाकायच्या आधी स्वतः बघायचं, टेप लावून मोजायचं आणि फोटो काढून ठेवायचा. टाईल आवडली नाही तर उखडता येते, फुटिंग कोण उखडणार?

एक गोष्ट आधीच सांगतो. डिझाईन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. खालचे आकडे तुम्हाला साईटवर नजर ठेवता यावी म्हणून दिलेत, त्यावरून कोणी घर डिझाईन करू नये. तुमच्या ड्रॉइंगमध्ये वेगळा आकडा असेल तर ड्रॉइंगमधला धरायचा.

१. आधी कागद, मग खड्डा

खोदाईचं मशीन बोलवायच्या आधी फाईलमध्ये हे पाहिजे:

- जमिनीच्या मालकीचे कागद आणि मोजणीचा नकाशा, हद्दीच्या खुणा जागेवर पक्क्या केलेल्या
- मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी
- माती परीक्षणाचा रिपोर्ट
- आर्किटेक्टचं वर्किंग ड्रॉइंग (मापं, दारं-खिडक्या, लेव्हल सगळं असलेलं)
- आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं) ड्रॉइंग: फुटिंग, कॉलम, बीम, स्लॅब, जिना, टाकी
- इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगचा लेआउट
- कॉन्ट्रॅक्टरबरोबरचा लेखी करार

इथे नवीन माणूस हमखास एका ठिकाणी फसतो. मंजूर नकाशा हातात आला की त्याला वाटतं झालं सगळं, तोच तो कॉन्ट्रॅक्टरला देतो आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सळई आपण नेहमी टाकतो तशी टाकू. मंजूर नकाशात खोल्या आणि मोकळी सोडायची जागा असते, कुठल्या कॉलममध्ये किती एमएमच्या किती सळया ते त्यात नसतं. ते आरसीसी ड्रॉइंगमध्ये असतं आणि ते तुमच्या मातीवर, तुमच्या मजल्यांवर अवलंबून असतं, त्यामुळे "नेहमी टाकतो तशी" हे उत्तर चालवून घेऊ नका.

माती परीक्षणावर पैसे वाचवायचा मोह होतो, कारण शेजारचं घर तर व्यवस्थित उभं आहे. पण चार पावलांवर माती बदलू शकते, एका प्लॉटवर मुरूम आणि बाजूला जुना भराव असं होतं. काळी माती असेल तर जास्तच जपायचं, ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, आणि दर वर्षी हेच चालू राहतं, त्यामुळे पाया त्या हिशोबाने करावा लागतो.

२. करार: काय धरलंय, काय नाही

काम देण्याचे दोन प्रकार, मटेरियलसकट किंवा फक्त लेबर. मटेरियलसकट दिलं तर डोक्याला ताप कमी, पण मालावर लक्ष जास्त ठेवावं लागतं. फक्त लेबर दिलं तर माल तुमच्या पसंतीचा येतो पण सकाळी सात वाजता "साहेब, वाळू संपली" असा फोन पण तुम्हालाच येतो. वेळ देता येणार असेल तरच दुसरा प्रकार घ्या.

रेट क्षेत्रफळावर ठरला असेल तर क्षेत्रफळ कसं मोजणार ते लिहून घ्या. बाल्कनी पूर्ण धरणार की अर्धी, जिना, वरची टाकी, छज्जे, कंपाऊंड, खालची टाकी, हे त्यात आहे की वेगळं? सगळी भांडणं इथूनच सुरू होतात आणि ती पण काम अर्ध्यावर आल्यावर. सेंट्रिंगचं सामान (ओल्या काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या आणि टेकू), पाणी, लाईटबिल, क्युरिंगचा (काँक्रीट ओलं ठेवणारा) माणूस, राडारोडा उचलणं हे कोणाकडे ते पण लिहा. सिमेंट, सळई, वायर, पाईप यांचा ब्रँड आणि ग्रेड लिहा, "चांगल्या कंपनीचं" असं लिहिलं तर त्याला काही अर्थ राहत नाही.

पैसे कामाच्या टप्प्याला बांधा. प्लिंथ (जोतं) झाला इतके, पहिला स्लॅब झाला इतके, वीटकाम इतके. झालेल्या कामापेक्षा जास्त पैसे एकदा कॉन्ट्रॅक्टरकडे गेले की त्याची माणसं हळूहळू दुसऱ्या साईटवर दिसायला लागतात, हे मी जवळून पाहिलंय. शेवटची थोडी रक्कम काम संपल्यावरही राखून ठेवायची, ती किती आणि कधी द्यायची ते आधीच ठरवा.

३. तुमची स्वतःची पिशवी

मिस्त्रीकडे सगळं असतं, पण तपासायला स्वतःचं पाहिजे:

- ५ मीटरचा आणि ३० मीटरचा टेप
- ओळंबा, गुण्या, स्पिरिट लेव्हल, सुताची दोरी
- पारदर्शक लेव्हल पाईप
- लिटरच्या खुणा असलेली बादली
- सरळ उभी काचेची बाटली (वाळू तपासायला)
- वही आणि मार्कर

लेव्हल पाईपमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की लेव्हल चुकते, म्हणून वापरायच्या आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारख्या उंचीवर येतंय का बघा. यंत्र स्वस्तातलं आहे पण नीट वापरलं तर अगदी अचूक आहे.

४. आखणी

काटकोन गुण्याने बघून पुरत नाही, खोलीच्या मापाला गुण्या लहान पडतो. एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर खूण करा, दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ मीटर आलं तर काटकोन. मग पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे पाहिजेत. कॉलमच्या सेंटर लाईनच्या खुंट्या खोदाईच्या बाहेर लांब ठोका, नाहीतर मशीन आलं की पहिल्या फेरीत खुंट्या उडतात आणि परत सगळं पहिल्यापासून.

प्लिंथची उंची ठरवताना रस्त्याकडे बघा. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवीन थर पडतो आणि रस्ता वर येतो, घर आहे तिथेच राहतं. ज्यांचं पाणी आज घरात शिरतं त्यातल्या बऱ्याच जणांचा प्लिंथ बांधताना रस्त्याच्या वरच होता.

५. पाया

खड्डे झाले की इंजिनिअरला बोलवा, तळ बघितल्याशिवाय पीसीसी (तळाचं बिनसळईचं काँक्रीट) टाकू देऊ नका. एखादा खड्डा जास्त खोल गेला तर माती परत लोटून लेव्हल करतात, ते अजिबात चालणार नाही, तो जास्तीचा भाग काँक्रीटनेच भरायचा. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर पाणी आणि वरचा चिखल दोन्ही काढायचं.

पीसीसीवर फुटिंगची जाळी ठेवताना खाली ५० एमएमचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे सिमेंटचे ठोकळे) पाहिजेत. दगडाची कपची, विटेचा तुकडा, लाकडाची चिप हे चालत नाही, वीट पाणी ओढते आणि ते पाणी सळईपर्यंत पोहोचतं. कॉलमच्या सळया सेंटरला आहेत का ते दोरी लावून बघा, कारण इथे दोन इंच सरकलं तर वर कॉलम सरळ करायला मिस्त्री सळई वाकवतो, आणि तशी वाकवलेली सळई म्हणजे मुळातच कमजोर कॉलम.

मग येतो भराव, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. प्लिंथच्या आत माती-मुरूम एकदम डंपरने ओतून वरून पाणी मारलं की झालं असं समजतात. मग दोनतीन वर्षांनी फरशी बसते, स्कर्टिंगखाली फट दिसते. भराव १५-२० सेंटीमीटरच्या थरात टाकायचा, प्रत्येक थर ओला करून कुटायचा आणि मग पुढचा. खोदताना निघालेली काळी माती आत भरू नका. वाळवीचं औषध पण फरशीखालचं काँक्रीट पडायच्या आधीच मारायचं असतं.

६. सळई

माल उतरला की वजन तपासा. एक मीटर सळईचं वजन किलोमध्ये काढायचं सोपं सूत्र आहे, व्यास गुणिले व्यास भागिले १६२, व्यास एमएममध्ये. म्हणजे ८ एमएमला ०.३९५, १० ला ०.६१७, १२ ला ०.८८९, १६ ला १.५८ आणि २० ला २.४७ किलो. १२ मीटर लांबीची १२ एमएमची एक सळई साधारण १०.६७ किलो भरली पाहिजे. थोडा फरक कारखान्यातूनच असतो, तो मान्य आहे, पण बराच कमी आला तर माल परत करा. हे सूत्र तोंडपाठ आहे असं दिसलं तरी समोरच्याचं बोलणं बदलतं.

हलका तांबूस गंज आला असेल तर घाबरायचं कारण नाही. पापुद्रे सुटत असतील, तेल लागलं असेल, चिखल वाळला असेल तर साफ केल्याशिवाय वापरायची नाही.

बांधलेल्या सळईत काय बघायचं:

रिंगचे हूक. उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगची दोन्ही टोकं १३५ अंशात आत वळलेली पाहिजेत, म्हणजे टोक कॉलमच्या पोटात शिरलेलं. बऱ्याच ठिकाणी ती नुसती काटकोनात वाकवतात, कारण ते पटकन होतं. भूकंपात कॉलमवरचं बाहेरचं काँक्रीट निघालं की असे काटकोनातले हूक उघडतात आणि उभ्या सळया मोकळ्या होतात. रिंगचं अंतर बीम-कॉलमच्या जोडाजवळ कमी असतं, मध्ये जास्त, ड्रॉइंगमध्ये दोन्ही अंतरं दिलेली असतात आणि कारागीर सगळीकडे मोठंच अंतर ठेवतो.

लॅप. दोन सळया जोडताना साधारण व्यासाच्या ५० पट लांबी एकमेकांवर यावी लागते, १२ एमएमला ६०० एमएम. सगळे लॅप एकाच ठिकाणी नकोत, आणि कॉलमचे लॅप मजल्याच्या मधल्या भागात घेतलेले बरे.

कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेर राहणारं काँक्रीट. कॉलमला ४० एमएम, बीमला २५-३०, स्लॅबला २०. सळई फळीला चिकटलेली दिसली की तिथे पुढे गंज येणार आणि काँक्रीट फुगून पडणार हे ठरलेलं.

आणि सगळ्यात धोक्याची जागा, बाल्कनी आणि छज्जे. ज्याला एकाच बाजूने आधार आहे त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण असा स्लॅब खाली झुकताना वरून ताणला जातो. सळई बांधून झाली तेव्हा ती वर असतेही, पण काँक्रीटच्या दिवशी सगळे घमेली घेऊन तिच्यावरूनच चालतात आणि जाळी दबून खाली जाते. वरून काँक्रीट पडलं की कोणाला कळत नाही. म्हणून जाळीखाली सळईच्याच खुर्च्या पाहिजेत, भरपूर पाहिजेत, आणि चालायला वरून फळ्या टाकायच्या. काँक्रीट ओतताना बाल्कनीजवळ एक माणूस फक्त एवढंच बघायला उभा करा, घरातला कोणी असला तरी चालेल.

७. काँक्रीट आणि त्यातलं पाणी

सिमेंटच्या गोणीवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते बघा. साठवणीत सिमेंट ३ महिन्यांत साधारण २० टक्के ताकद घालवतं, हवा दमट असेल तर जास्त. गोण्या जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवायच्या नाहीत, खाली फळ्या, वर प्लास्टिक, आणि दहाच्या वर थर नको. गोणीत खडे झाले असतील आणि चिमटीत फुटत नसतील तर ते सिमेंट आरसीसीला वापरू नका.

वाळूची परीक्षा घरच्या घरी होते. बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ टाका, जोरात हलवा आणि तीनेक तास तशीच सोडा. वाळू खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. तो थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वाळू धुवा नाहीतर परत पाठवा.

आता माप. एम २० ग्रेडच्या काँक्रीटसाठी साधं प्रमाण १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते, म्हणजे एका गोणीला ५२ लिटर वाळू आणि १०५ लिटर खडी. हे घमेल्याने मोजू नका, प्रत्येक माणूस घमेलं वेगळं भरतो, सकाळी शिगोशीग आणि दुपारी अर्धं. ३५ लिटरचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्या. ओली वाळू फुगलेली असते, कधीकधी पाव हिस्सा जास्त दिसते, म्हणून ती थोडी वाढवून घ्यावी लागते.

आणि पाणी. एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर आणि त्यात वाळूचा ओलावा पण आला. सगळ्या लेखातलं एकच काहीतरी लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. डफ अब्राम्स या अमेरिकन संशोधकाने १९१८ मध्ये मांडलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते, पाणी वाढलं की ताकद उतरते. शंभर वर्षं होऊन गेली आणि मिक्सरवरच्या माणसाच्या हातात पाईप अजून तसाच आहे. होतं काय, तर पहिले काही मिक्स चांगले घट्ट येतात, मग पसरवणारा वरून ओरडतो "अरे पातळ दे", आणि खालचा पाईप सोडतो. पातळ काँक्रीट पटापट पसरतं, फिनिशिंग गुळगुळीत होतं, सगळे खूश. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, तिथूनच पुढे गळती आणि गंज. पसरत नसेल तर व्हायब्रेटर नीट चालवा, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) हवं असेल तर इंजिनिअरला विचारून आधीच आणा, पण पाईप मिक्सरपासून लांब ठेवा. बादलीनेच पाणी, खुणेपर्यंत. तयार काँक्रीट गाडीतून मागवलं तरी हाच नियम, गाडी साईटवर आल्यावर त्यात पाणी घालू द्यायचं नाही.

व्हायब्रेटरची सुई उभी आत जाऊ द्यायची, बुडबुडे थांबले की सावकाश वर काढायची. सुईने काँक्रीट ढकलत न्यायचं नाही आणि सळईला टेकवायची नाही. कॉलममध्ये काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नका, खडी खाली आणि पाणी-सिमेंट वर असं वेगळं होतं. फळ्या काढल्यावर कॉलमच्या पायाशी मधाच्या पोळ्यासारखी खडी उघडी दिसली तर मिस्त्री लगेच सिमेंट फासायला धावतो. थांबवा त्याला. आधी फोटो, मग इंजिनिअर, आणि तो सांगेल तशी दुरुस्ती.

१५० एमएमचे काँक्रीटचे क्यूब (तपासणीचे ठोकळे) भरून घ्या आणि ७ आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये दाबून घ्या. स्लॅबमध्ये जे काँक्रीट चाललंय त्यातूनच अचानक एखाद्या मिक्समधून भरायला सांगा, क्यूबसाठी खास माल बनवला जातो बऱ्याचदा.

८. स्लॅबच्या आदल्या दिवशी

स्लॅबच्या दिवशी सकाळी काहीही तपासून होत नाही, तेव्हा माणसं, मिक्सर, आरडाओरडा, कोणी ऐकत नाही. म्हणून आदल्या दिवशी दुपारपर्यंत इंजिनिअरला आणून हे उरका:

- सेंट्रिंगचे टेकू पक्क्या जमिनीवर, खाली फळी, विटांचे ढीग रचून त्यावर टेकू नको
- फळ्यांमधल्या फटी बंद, नाहीतर सिमेंटचं पाणी गळून खाली जातं
- लाईटचे पाईप, फॅन बॉक्स, टेपाने मोजून बरोबर जागी
- प्लंबिंगसाठी भोकं सोडलेली, नंतर स्लॅब फोडायचा नाही
- बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब किती खाली, ते मोजून
- पूर्ण स्लॅबला पुरेल एवढा माल, जास्तीचा व्हायब्रेटर, झाकायला प्लास्टिक
- वरच्या सळया, खुर्च्या, कव्हर ब्लॉक, सगळ्याचे फोटो

मध्येच काम थांबवायची वेळ आली तर कुठे थांबवायचं हे इंजिनिअरकडून आधीच विचारून ठेवा.

सेंट्रिंग काढायची घाई सगळ्यांनाच असते कारण सामान दुसऱ्या साईटवर पाहिजे असतं. साधं सिमेंट आणि नॉर्मल हवामान धरून साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्यापेक्षा मोठ्याचे १४ दिवस. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल किंवा थंडी असेल तर अजून जास्त ठेवावे लागतात.

९. क्युरिंग

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून ते ओलं ठेवायचं. साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला १० दिवस, जमलं तर १४. स्लॅबवर आळी करून पाणी भरून ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते सतत ओलं पाहिजे, सकाळी एकदा पाईप फिरवला आणि दुपारी कॉलम पांढरा पडला तर ते क्युरिंग झालं असं धरू नका. ऊन आणि वारा जास्त असेल तर स्लॅब टाकल्यावर काही तासांतच बारीक भेगा पडतात, त्यामुळे फिनिशिंग झालं की लगेच झाकायचं.

प्रत्येक कॉलमवर काँक्रीट टाकल्याची तारीख खडूने लिहा. वाद होतच नाही मग.

१०. भिंती

लाल वीट असेल तर दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज आला पाहिजे, आणि छातीच्या उंचीवरून मातीवर टाकली तर फुटू नये. लावायच्या आधी भिजवायची, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक) मात्र भिजत घालायचे नाहीत, नुसते ओलसर करायचे आणि त्यांचा पातळ जोडाचा मसाला वेगळा मिळतो तो वापरायचा.

एका दिवसात भिंत दीड मीटरच्या वर नेऊ नका. बीमखालचा शेवटचा थर काही दिवस थांबून भरा, खालची भिंत बसू द्या. अर्ध्या विटेच्या भिंतीत मध्ये मध्ये काँक्रीटची पट्टी लागते, ती विसरतात. दार-खिडकीवरचा लिंटेल दोन्ही बाजूला भिंतीवर किमान १५० एमएम टेकला पाहिजे.

११. वायर आणि पाईप

भिंतीत खाच कटरने कापायची, हातोड्याने ठोकून नाही. उभी खाच ठीक, लांब आडवी खाच भिंत कमजोर करते. आणि बीम किंवा कॉलमला कोणी भोक पाडायला घेतलं तर ताबडतोब काम थांबवा, प्लंबरला त्याच्या पाईपचा सरळ रस्ता दिसतो, तुमचा बीम दिसत नाही.

वायर साधारण अशी: दिवे-पंख्याला १.५ स्क्वेअर एमएम, पॉवर पॉईंटला २.५, एसी आणि गिझरला ४. अर्थिंग खरंखुरं करून मोजून घ्या, आणि मेन बोर्डमध्ये ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावा. एमसीबी वायर वाचवतो, शॉक लागल्यावर माणसाला वाचवायचं काम आरसीसीबीचं, त्यामुळे एक आहे म्हणून दुसरा टाळू नका.

पाण्याच्या लाईनला प्लास्टर आणि टाईल्सच्या आधी प्रेशर टेस्ट. लाईन भरून दाब देऊन ठेवायची आणि काटा खाली येतो का बघायचं. चार इंची सांडपाण्याच्या पाईपला ४० ला १ च्या आसपास उतार.

सगळं भिंतीत बसलं की, प्लास्टरच्या आधी, प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो. फोटोत फरशीची लेव्हल आणि कोपरा दोन्ही दिसले पाहिजेत, तरच पुढे भिंतीला ड्रिल मारताना पाईप कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते कळतं. नुसत्या पाईपचा जवळून काढलेला फोटो काही कामाचा नाही.

१२. वॉटरप्रूफिंग

बाथरूममध्ये कोटिंग फरशीवर पूर्ण, भिंतीवर किमान एक फूट वर आणि शॉवरच्या भिंतीला डोक्याच्या वरपर्यंत. पाईप जिथे स्लॅबमधून जातो ती जागा आणि कोपरे, गळती बहुतेक इथूनच असते. मग ड्रेन बंद करून पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि ४८ तास ठेवा. खालच्या मजल्यावर जाऊन छत हाताने चाचपा. "टाईल लागल्यावर थांबेल" असं कोणी म्हटलं तर टाईल लावू देऊ नका. टाईलच्या जोडातून पाणी जातंच, टाईल हे वॉटरप्रूफिंग नव्हे.

गच्चीला १०० ला १ उतार, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) तळाशी कोपऱ्यात गोलाई, पाणी जायला एकापेक्षा जास्त तोंडं. इथेही पाणी भरून तपासा. त्यानंतर गच्चीत खिळा-बोल्ट ठोकायला कोणाला परवानगी नाही, सोलरवाला असो की अँटेनावाला, त्यांच्या स्टँडसाठी पेडेस्टल (काँक्रीटचे चौथरे) आधीच करून ठेवा.

१३. प्लास्टर, फरशी, रंग

इथून पुढे सगळं डोळ्यांना दिसतं त्यामुळे थोडक्यात. काँक्रीट आणि वीट जिथे मिळतात तिथे प्लास्टरच्या आधी जाळी ठोका, नाहीतर बरोबर त्या रेषेत भेग येणार. आतलं प्लास्टर साधारण १२-१५ एमएम, बाहेरचं २० एमएम दोन थरात. ७ दिवस पाणी. टाईल लागल्यावर नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढ्या परत लावायला सांगा. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा खाली आणि उतार जाळीकडे, एक तांब्या पाणी ओतलं की कळतं. जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी पाहिजे, वर-खालची फरशी धरून, नाहीतर पहिली किंवा शेवटची पायरी वेगळी येते आणि लोक तिथेच अडखळतात. रंगाची घाई नको, ओल्या प्लास्टरवरचा रंग सोलून निघतो.

१४. वही आणि शेवटचा हप्ता

वहीत रोज दोन ओळी, किती माणसं, किती गोण्या आल्या, किती वापरल्या, काय झाकलं गेलं. गोण्यांचा हिशेब ठेवला की काँक्रीटमध्ये सिमेंट कमी पडलं का ते आपोआप समजतं. बदल सांगायचा असेल तर तोंडी सांगू नका, ड्रॉइंगवर खूण करून, रेट ठरवून, दोघांची सही. "एवढी भिंत जरा सरकवा" यातून एक्स्ट्राचं बिल तयार होतं.

शेवटचे पैसे देताना हातात घ्यायच्या गोष्टी: प्रत्यक्ष झालं तसं सुधारलेलं इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगचं ड्रॉइंग, क्यूबचे रिपोर्ट, वाळवीच्या औषधाची आणि वॉटरप्रूफिंगची लेखी हमी, पंप आणि गिझरची वॉरंटी कार्डं, उरलेल्या टाईल्सचा एकेक बॉक्स आणि रंगाच्या शेडचे नंबर. राखून ठेवलेली रक्कम मात्र एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय देऊ नका. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल, करू द्या, करारात लिहिलंय म्हणायचं.